नागपूरला गेलेला होकार

ही वही कुणाच्या हाती पडणार नाही असं धरूनच मी लिहिते आहे. तरी पडलीच, तर वाचणाऱ्याने आधी मला माफ करावं. माझं अक्षर ओळीवर बसत नाही. गर्दीच्या एसटीत उभ्या असलेल्या बाईसारखं ते पुढच्याच्या अंगावर जाऊन पडतं. कुठे पहिली वेलांटी द्यायची आणि कुठे दुसरी, हे मला चौथीपर्यंत नीट कळलं नव्हतं, आणि चौथीच्या पुढे आमच्या गावात शाळाच नव्हती. चुका पुष्कळ असतील. त्या दुरुस्त करून वाचाव्यात.

मिरचीचा हंगाम परत आला आहे. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या पडल्या आहेत. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायची जागा. ओली लाल मिरची उतरते, पसरते, आणि आठ दिवसांत जमिनीचा रंगच दिसेनासा होतो. वारा फिरला की सगळं गाव शिंकतं. शाळेतली पोरं बाराखडी म्हणता म्हणता शिंकतात, आणि कुत्रीसुद्धा त्या बाजूला तोंड करून झोपत नाहीत. दुपारी शाळेची खिचडी उरकली, भांडी घासून पालथी घातली, की मी नाकातोंडाला पदर गुंडाळून देठ खुडायला पथारीवर जाते. हात जळजळतात. पण बायका असतात, बोलणं असतं, ऊन पाठीला गोड लागतं.

परवा मी शाळेच्या फाटकातून निघाले तर गुरुजींनी मागून हाक मारली, "मंगलाबाई, नागपूरचं अधिवेशन सुरू झालं बरं का!"

एखाद्याने पाहुणे आल्याचं सांगावं तसं सांगितलं त्यांनी. मीही तशीच हसले. मार्गशीर्षात आमच्याकडे या दोन गोष्टी बरोबरच येतात, पथारी आणि अधिवेशन. दुसऱ्या कुणाला अधिवेशनाला वास असतो असं वाटत नसेल. मला येतो. वाळत्या मिरचीचा येतो. गेल्या वर्षीच्या हंगामात ते दोन्ही माझ्या आयुष्यात एकत्र झाले आणि अजून वेगळे झालेले नाहीत.

मी शाळेत पोषण आहार शिजवते. मी आणि हिराबाई, दोघी. हिराबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी आहे, आणि आवाजाने तर पन्नास वर्षांनी. आमचा आठ बायकांचा बचत गट आहे, ती त्याची अध्यक्ष. मी सचिव, कारण आठ जणींत लिहिता येणारी मी एकटी. शाळेची खिचडी आमच्या गटाकडे आहे. तांदूळ, डाळ, मीठ-मसाला सरकारकडून येतो. भाजी आणि गॅस आपण आणायचा, आणि त्याचं बिल नंतर मिळतं. हे "नंतर" किती लांबचं, ते कुठे लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी जूनला शाळा उघडली आणि बिल आलं नाही. जुलैत नाही, श्रावणात नाही. पातेलं तर रोज चढवावं लागतं. पोरं अकरा वाजल्यापासून दाराशी येऊन वास घेतात, त्यांना बिल ठाऊक नसतं. गटाची बचत माझ्या हातात होती. आठ जणींनी साडेतीन वर्षं महिन्याला थोडे थोडे टाकून ते पैसे मिरची कांडपाच्या मशीनसाठी जमवले होते. दुसऱ्याच्या पथारीवर देठ खुडण्यापेक्षा आपली मशीन घ्यावी, तिखट दळून नंदुरबारच्या बाजारात विकावं, असं ठरलं होतं. त्या पैशांतून मी भाजी आणू लागले. बैठकीत विचारून, सगळ्यांचे अंगठे घेऊन आणू लागले, हे खरं. पण "पुढच्या महिन्यात येतीलच" असं दर बैठकीत सांगणारी मीच होते. दिवाळीपर्यंत एकोणीस हजार सहाशे चाळीस रुपये खिचडीत गेले. मशीनचे निम्म्याहून जास्त पैसे आमच्या गावच्या पोरांनी खाऊन पचवले. खाल्ल्याचं दुःख कुणालाच नव्हतं. परत येतील की नाही, एवढीच धाकधूक होती.

आता थोडी मागे जाते, भादव्यात.

तेव्हा मुंबईहून आमदारांची एक समिती जिल्ह्यात येणार असं कळलं. विधिमंडळाची समिती. शाळा, दवाखाने, आश्रमशाळा बघून सरकारी खात्यांना जाब विचारणार. मला तेव्हा आमदार म्हणजे एकच माहीत होता, मतं मागायला येतो तो. आमदारांचं काम विचारण्याचं असतं हे मला त्या भादव्यात पहिल्यांदा कळलं. त्याआधी मला वाटायचं, सरकार सांगतं आणि आपण ऐकतो. सरकारलाही कुणी विचारतं, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं, हे ऐकून मला फार नवल वाटलं. सासूलाही सासू असते, हे कळल्यावर नव्या सुनेला वाटेल तसं.

चार दिवस शाळेची रंगरंगोटी चालली. नळाला तोटी आली. तालुक्याचे साहेब येऊन स्वयंपाकाची खोली बघून गेले. जाताना आम्हा दोघींना म्हणाले, "काही विचारलं तर घाबरायचं नाही. नीट उत्तर द्यायचं."

त्यांची जीप वळल्यावर हिराबाई म्हणाली, "नीट म्हंजे कसं वं? खरं नीट का खोटं नीट?"

समितीच्या दिवशी आम्ही डांगर, म्हणजे लाल भोपळा, घालून मसालेभात केला. चार गाड्या आल्या. माणसं पुष्कळ उतरली, त्यातले आमदार कोण आणि त्यांच्यासोबतचे कोण, ते मला कळेना. पण एक बाई होत्या, साठीच्या आसपास, जाड चष्म्याच्या, पायात साध्या चपला. बाकीचे वर्गात खुर्च्यांवर बसले. त्या बाई चपला काढून व्हरांड्यात पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसल्या. एका पोरीने आपलं ताट त्यांच्याकडे सरकवलं. मी दुसरं ताट वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला. "डांगर गोड आहे," म्हणाल्या. मग दुसरा घास हातात घेऊन माझ्याकडे वर बघून विचारलं, "काय हो ताई, भाजीचे, गॅसचे पैसे वेळेवर मिळतात ना?"

त्यांच्या मागे एक साहेब वही-पेन घेऊन उभे होते.

मी म्हटलं, "हो, मिळतात."

पेन चाललं. बाईंनी घास तोंडात घातला.

एवढंच घडलं. पण त्याचं कारण मी आजपर्यंत तोंडाने फक्त दोघांना सांगितलं आहे, आणि आता वहीला सांगते. मी घाबरले नव्हते. साहेबांची भीती मला नव्हतीच असं नाही, पण त्या क्षणी ते मला दिसलेसुद्धा नाहीत. मला फक्त त्यांच्या हातातला घास दिसत होता.

माझं माहेर खांडबाऱ्याच्या बाजूला. मी लहान असताना एकदा बाप जेवत होता आणि मळ्यातून काका धावत आला. आमचा एक बैल गेला होता. मायने त्याला दारातच अडवलं. काका धापा टाकत उभा, आणि माय हळू आवाजात म्हणते, "त्यास्ले हात धुई लेऊ दे. बैल मरना, आते तो कोठे पयी जावाव नही." मेलेला बैल आता कुठे पळून जाणार, असं तिचं म्हणणं. बाप भाकरी संपवेपर्यंत काका ओसरीवर बसून राहिला. बापाने पाणी पिऊन, हात धुऊन टॉवेलाला पुसला, मग काकाने त्याला सांगितलं. त्यानंतर बाप दोन दिवस जेवला नाही. मायला ते माहीत असणार. म्हणूनच तिने ती एक भाकरी त्याच्या पोटात जाऊ दिली.

आमच्या घरात कुणी कायदा म्हणून हे शिकवलं नाही. पण ज्याच्या हातात घास आहे त्याला उणं सांगायचं नाही. तेल संपलं, पाहुणा रुसला, कुणाचं देणं राहिलं, सगळं ताट उचलल्यावर. आणि ज्या अन्नाचे पैसे मिळाले नाहीत, तेच अन्न खाणाऱ्या माणसाला, तो खात असताना, "याचे पैसे अजून आले नाहीत" असं म्हणायचं? माझ्या जिभेला ते येणंच शक्य नव्हतं. मी ठरवलं होतं की बाईंनी हात धुतले की सांगेन. तांब्याही भरून ठेवला होता. पण बाईंनी हात धुतले ते गाडीजवळ, कुणीतरी पुढे केलेल्या बाटलीने, आणि गाड्या निघाल्या. मी तांब्या घेऊन फाटकात उभी.

हिराबाई आतून डाव घेऊन बाहेर आली. "काय वं मंगला, जीभ कोठे ठेयेल व्हती? पैसानं विचारं, आन् तू म्हनस हा?"

"बाई जेवी ऱ्हायंती," मी म्हटलं.

"मंग? जेवनारले कान नही ऱ्हातस का?"

मी तांब्या फाटकातच रिकामा केला.

पथारीवर देठ खुडताना हात चालतात आणि मन मोकळं असतं. तेव्हा मी आठवत बसते, मला आजवर कुणी कुणी काय विचारलं. चौथीत गुरुजींनी विचारलं, तापी कुठे उगम पावते. बघायला आले त्यांनी विचारलं, भाकरी येते का, विहिरीचं पाणी ओढता येतं का. दवाखान्यात विचारलं, कितवं मूल. शिरगणतीवाल्याने विचारलं, घराला छप्पर कशाचं. बाजारात रोज विचारतात, काय भाव. या सगळ्यांना मी उत्तर दिलं. पण कुणी विचारून थांबलं, उत्तराची वाट पाहिली, आणि ते खरं का खोटं हे पडताळायला दुसऱ्या कुणाकडे गेलं, असं मला आठवत नाही. माझं बोलणं कुठे जातं, याचा विचार मी केलाच नव्हता. बोललं की ते हवेत जातं, असं वाटायचं.

ते नागपूरला गेलं होतं.

मार्गशीर्षात एक दिवस मधल्या सुट्टीत गुरुजींनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांच्या मोबाईलवर एक छापील कागद आला होता. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांच्या भाजीपाल्याच्या थकलेल्या पैशांवर चार-पाच आमदारांनी मिळून प्रश्न विचारला होता. प्रश्नाच्या डोक्यावर छोटी चांदणी होती. "तारांकित प्रश्न आहे," गुरुजी म्हणाले, "याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून द्यावं लागतं." मला ती चांदणी आवडली. मी मोबाईल हातात घेऊन अक्षर लावत लावत वाचलं.

ते वाचून मी थक्क झाले. पैसे थकलेत, असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. म्हटलं होतं: पैसे थकले आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय? ज्याला सगळं माहीत आहे तोही न कळल्यासारखं विचारतो. आमच्याकडे भांडण होतं तेव्हा बाई आधी शिवी देते, मग आरोप करते, आणि प्रश्न विचारतच नाही. इथे आरोपाला पदर घेऊन, मान खाली घालून आणलं होतं. आणि तरी त्याला टाळता येणार नव्हतं. "असल्यास" म्हटलं की एक दार बंद, "नसल्यास" म्हटलं की दुसरं. शेळी कोंडताना आम्ही दोन्हीकडून असंच जातो.

मग मी खाली उत्तर वाचलं.

(१) हे खरे नाही. समितीच्या भेटीवेळी स्वयंपाकी महिलेनेच पैसे वेळेवर मिळत असल्याचे सांगितले आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

ती स्वयंपाकी महिला मी होते. माझं नाव नव्हतं, पण मी होते. एका शाळेत बोलले आणि जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांच्या वतीने बोलल्यासारखं झालं. मी मोबाईल टेबलावर ठेवला. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "तुम्ही असं का म्हणालात, मी विचारत नाही. मीही त्या दिवशी गप्पच होतो."

दुपारी पथारीवर ही बातमी माझ्या आधी पोचली होती. एरवी माझ्यासाठी सावलीत जागा ठेवतात, त्या दिवशी ठेवली नव्हती. हिराबाई देठ मोडत मोडत म्हणाली, "तुन्हा 'हा' बिनतिकिटना नागपूर गया. आन् आपला पैसाले नंदुरबारथीन गाडी भेटी नही ऱ्हायनी!"

सगळ्या हसल्या. ते हसणं मला चाललं असतं. पण गटातली सगळ्यात लहान, रेखा, हसली नाही. तिचा नवरा सुरतेकडे कामाला, दोन पोरं, सासू आजारी. तिने मान वर न करता विचारलं, "मंगलाक्का, तू सरकारनी कडथीन शे का आमनी?"

मी कुणाच्या बाजूची, ते विचारत होती ती. मी मिरच्या खुडत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं तर पथारीवर कुणी विचारत नाही, सगळ्यांच्याच येतं.

दोन दिवसांनी तो प्रश्न सभागृहात आला. गुरुजींनी मोबाईल खुर्चीवर उभा करून ठेवला. मी आणि हिराबाई दारात बसून बघत होतो. केवढं मोठं सभागृह, आणि केवढा गोंधळ! शाळेत असं बोलले असते तर गुरुजींनी सगळ्यांना बाकावर उभं केलं असतं. मंत्रीसाहेबांनी छापील उत्तर वाचलं. मग चष्म्याच्या बाई उभ्या राहिल्या. मी ओळखलं, हिराबाईनेही ओळखलं. बाई फार जोरात बोलल्या नाहीत.

"अध्यक्ष महोदय," त्या म्हणाल्या, "ती बाई मलाच हो म्हणाली होती. मी तिथे जेवले आहे. पण मंत्रिमहोदय, मी पैसे दिल्याची नोंद विचारते आहे, आणि तुम्ही मला एका बाईचा होकार दाखवता. पैसे दिले असतील तर बँकेची तारीख सांगा."

मंत्रीसाहेबांनी मागे बघितलं. मागच्या माणसाने एक चिठ्ठी पुढे केली. ती वाचून मंत्रीसाहेबांनी पुन्हा मागे बघितलं. मग अध्यक्ष म्हणाले, की प्रश्न राखून ठेवतो, माहिती घेऊन या.

"राखून म्हंजे?" हिराबाईने विचारलं.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे संपला नाही. पुन्हा येईल."

प्रश्न राखता येतो हेही मला नवंच होतं. पोळी राखून ठेवतात, बी राखून ठेवतात. प्रश्नही कुणीतरी झाकून, उंदरापासून जपून ठेवतं म्हणजे.

मग तो राखलेला प्रश्न खाली उतरू लागला. नागपूरहून मुंबईच्या ऑफिसात, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून गुरुजींच्या मोबाईलवर, आणि प्रत्येक पायरीवर त्याला "तात्काळ" असा शिक्का. तिसऱ्या दिवशी, दीड वाजता, तो माझ्यापर्यंत आला. गुरुजी डबा खात होते. मी भांडी घेऊन चालले होते. ते म्हणाले, "मंगलाबाई, वरून माहिती मागवली आहे. आजच द्यायची आहे. जूनपासून पैसे मिळाले का, हो की नाही?"

मी तिथेच उभी राहिले.

"अहो, सांगा ना!"

"तुम्ही जेवून घ्या," मी म्हटलं.

"तात्काळ आहे!"

"हात धुवा, मग सांगते."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. हातातल्या घासाकडे बघितलं. त्यांना काय उमगलं ते मला ठाऊक नाही, पण ते भराभर जेवले, बाहेर जाऊन हात धुऊन आले आणि रुमालाने एकेक बोट पुसत समोर बसले. मग मी सांगितलं. मिळाले नाहीत. एकही महिना मिळाले नाहीत. एकोणीस हजार सहाशे चाळीस. आणि त्या दिवशी हो का म्हणाले, तेही सांगितलं. बैलाचंसुद्धा.

गुरुजींनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "हे तुम्हीच लिहा."

"माझं अक्षर..."

"असू दे."

मी लिहिलं. अर्धा तास लागला. पैसे मिळाले नाहीत, आणि मी हो म्हणाले ते बाई जेवत होत्या म्हणून. जेवणाऱ्याला आमच्यात असं सांगत नाहीत. रोजच्या भाजीची माझी वही होती, तिचीही पानं गुरुजींनी फोटो काढून कागदाबरोबर पाठवली. पाठवताना त्यांचं बोट बटणावर क्षणभर थांबलं. त्यांनाही भीती होती, बदलीची, ती मला दिसली. मग त्यांनी बोट टेकवलं.

पुढच्या आठवड्यात प्रश्न पुन्हा आला. या वेळी मंत्रीसाहेबांनी वाचलं, "हे अंशतः खरे आहे." अंशतः म्हणजे थोडंसं. मी पुष्कळ विचार केला. आमचे पैसे अंशतः थकले नव्हते, पुरते थकले होते. पण जिल्हाभरच्या शाळा धरल्या तर काहींना मिळालेही असतील. खरं किती मोठं आहे, ते कुठून बघतो त्यावर असतं की काय? मला अजून याचं उत्तर मिळालेलं नाही. विचारायची मात्र आता लाज वाटत नाही.

चष्म्याच्या बाईंनी माझा कागद वाचून दाखवला. त्यांच्या तोंडून माझी वाक्यं ऐकताना माझे कान तापले. "बाई जेवत होत्या म्हणून" इथे सभागृह हसलं. मोबाईलमधून ते हसणं पत्र्यावर खडे पडावेत तसं आलं. मी उठायला लागले. हिराबाईने माझा पदर धरला. "बस. हासू दे त्यास्ले. हासतीन, पन पैसा धाडतीन."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, त्या घरात मी पाहुणी होते, म्हणून ती गप्प बसली. आपण इथे पाहुणे नाही." मग मंत्रीसाहेबांनी उभं राहून सांगितलं, की सर्व थकलेले पैसे दिले जातील.

पथारीवर रेखाने माझ्यासाठी सावलीतून सरकून जागा केली.

पैसे वैशाखात आले. पण सगळे नाही. सोळा हजार चारशे तीस आले. तीन हजार दोनशे दहा अडले, कारण त्या भाज्यांना पावती नव्हती. आमच्याच गावच्या बायकांच्या परसातली मेथी, वांगी, डांगर. टोपलीवाल्या म्हातारीला मी पावती कुठून मागू? ती अंगठा द्यायला तयार होती, पण डांगराला अंगठा चालत नाही म्हणे. आलेले पैसे मी त्याच दिवशी गटात भरले. अडलेल्या पैशांचं हिराबाई एकदाही बोलली नाही, आणि ते न बोलणं मला तिच्या टोमण्यांपेक्षा जड गेलं. तोवर मिरचीचा हंगाम सरला होता. मशीन राहिली.

मला वाटलं, संपलं. सभागृहात दिलेला शब्द कोण लक्षात ठेवतो? रोज शेकडो शब्द देत असतील. पण गुरुजींनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी अजून मनात उलटून पालटून बघते. विधिमंडळात अशीही एक समिती असते, जिचं काम दिलेले शब्द मोजण्याचं. मंत्र्याने उभं राहून "करतो" म्हटलं, की तो शब्द टिपून ठेवायचा, आणि मग झालं का, झालं का, असं विचारत राहायचं. शब्द लक्षात ठेवायला माणसं नेमलेली! आमच्याकडे हे काम घरातल्या बायका करतात, आणि त्याबद्दल त्यांना कटकटी म्हणतात.

ती माणसं कशी असतील? त्यांना घरीही सगळं आठवत असेल का? कुणी "नंतर देतो" म्हटलं की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जात असेल का? गेल्या महिन्यात त्यांचं पत्र तालुक्याला आलं. साहेब जीप घेऊन स्वतः आले. त्यांनी म्हातारीच्या परसात जाऊन डांगराचा वेल बघितला, तिचं म्हणणं लिहून घेतलं, अंगठाही घेतला. जाताना मी त्यांना चहा विचारला. त्यांनी घेतला. तो पिऊन कप खाली ठेवेपर्यंत मी थांबले, आणि मग विचारलं, "साहेब, पैसे कधी येतील?" एवढ्या मोठ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं होतं. ते म्हणाले, "पंधरा दिवसांत."

मी वहीत तारीख लिहून ठेवली.

आज अठरावा दिवस. सकाळी बँकेचा मेसेज आला. खिचडी उरकून मी बँकेच्या ग्राहक केंद्रावर गेले, अंगठा टेकवून पैसे काढले, पदराच्या गाठीत बांधले आणि थेट पथारीवर आले. घरी ठेवावेत असं वाटलंच नाही. ऊन उतरत होतं. आठही जणी होत्या. मी गाठ सोडून नोटा हिराबाईच्या पुढे धरल्या.

तिने हातातल्या मिरच्या टाकल्या. थुंकी लावून नोटा मोजायची तिची सवय, पण बोटं मिरचीची. जिभेपर्यंत नेलेलं बोट तिने चटकन मागे घेतलं, सगळ्या हसल्या. मग रेखाने कळशीवरचं झाकण उलटं करून त्यात घोटभर पाणी ओतलं. हिराबाईने त्यात बोट बुडवलं आणि मोजायला लागली. एकदा मोजलं. ओठ हलवत दुसऱ्यांदा मोजलं. कुणी शिंकलंसुद्धा नाही. शेवटची दहाची नोट तिने उन्हाकडे धरून बघितली, बाकीच्यांवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पैसा पुरा शे वं," ती म्हणाली.